विषय: हॉलचा अर्ज परत आलाय – बोळ लाल रेषेत घ्यायचा का?

मंडळी,
इथल्या (इंग्लंडमधल्या) कौन्सिलने आपल्या हॉलचा प्लॅनिंग परवानगीचा अर्ज 'इनव्हॅलिड' ठरवलाय, म्हणजे निर्णयाची आठ आठवड्यांची मुदत अजून सुरूच झालेली नाही. हरकत एकच: नकाशावर अर्जातली जागा दाखवणारी लाल रेषा कुंपणापाशी थांबते, रस्त्यापर्यंत जात नाही. आर्किटेक्टला शुक्रवारी उत्तर द्यायचंय. मागचा बोळ आत घ्यायचा की नाही, तेवढंच सांगा.
– हॉल समिती

घ्यायचाच. गाड्या तिथूनच येतात. सार्वजनिक रस्त्यापासून आवारापर्यंतची वाट लाल रेषेच्या आत हवी. नकाशा १:१२५०, उत्तरेचा बाण, शक्यतो दोन रस्त्यांची नावं. लँड रजिस्ट्रीचा टायटल प्लॅन किंवा गूगलचा स्क्रीनशॉट जोडू नका. ऑर्डनन्स सर्व्हेचा (सरकारी नकाशा संस्थेचा) परवाना असलेला नकाशा विकत घ्या.
पण खरी गोम पुढे आहे. बोळ शेजाऱ्यांचा. तो आत आला की मालकीचं सर्टिफिकेट 'ए' (सगळी जागा अर्जदाराचीच) चालत नाही. 'बी' (दुसऱ्या मालकांना कळवलंय) लागेल, आणि त्यांना नोटीस.
– माजी चिटणीस

काका, बोळावर आपला वहिवाटीचा हक्क लीजमध्येच लिहिलाय. मग नोटीस कशाला? त्यांच्या हातात आयतं कोलीत. आणि कागदपत्रं हॉल समितीकडे आहेत, तो निर्णय समितीच घेईल.
– खजिनदार

वहिवाट म्हणजे मालकी नव्हे. इथे मालक म्हणजे फ्रीहोल्डर (जागेचा मूळ मालक), किंवा ज्याच्या लीजची किमान ७ वर्षं उरलीत तो. ताई, लीजचा विषय तुम्हीच काढलात: हॉलच लीजवर असेल तर फ्रीहोल्डरलाही नोटीस हवी. म्हणजे 'ए' पहिल्यापासूनच चुकलं होतं! जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटं सर्टिफिकेट देणं १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टखाली गुन्हा आहे. समितीने निर्णय जरूर घ्यावा, पण सही करणाऱ्याला हे माहीत हवं.
नोटीस म्हणजे परवानगी मागणं नव्हे, नुसतं कळवणं. २१ दिवस थांबायचीही गरज नाही, नोटीस आणि अर्ज एकाच दिवशी चालतात. त्यांना म्हणणं मांडायला २१ दिवस मिळतात, एवढंच. नोटिशीची तारीख मात्र सर्टिफिकेटवर तंतोतंत तीच लिहा.
– माजी चिटणीस

वापराच्या रकान्यात काय लिहिलंय? गणपती बसतो म्हणून कुणी 'एफ१' हा वापराचा वर्ग लिहू नका, त्यात प्रार्थनास्थळं येतात. स्थानिक लोकांचा हॉल 'एफ२'मध्ये. आणि ढोल-ताशा आहे तर आवाजाचा अहवाल मागतील का?
– सांस्कृतिक समिती

ते कौन्सिलच्या लोकल लिस्टमध्ये (अर्जासोबत लागणाऱ्या कागदपत्रांच्या यादीत) बघा, दर कौन्सिलची यादी वेगळी असते. ढोलाचा धागा वेगळा काढा.
नकाशे परत जाणारच आहेत तर एलेव्हेशनही (इमारतीच्या बाजूंची रेखाचित्रं) तपासा. मागच्या पीडीएफवर '१:१०० @ ए३' लिहिलंय, पण ५ मीटरची स्केलपट्टी छापल्यावर ४७ मिलिमीटर भरते, ५० हवी. कुणीतरी 'फिट टू पेज' करून पीडीएफ बनवलीय. कोपऱ्यातली 'डू नॉट स्केल' (नकाशावरून मापं घेऊ नका) ही ओळही काढायला सांगा, तेवढ्यावरूनही नकाशा परत येतो.
– वेबसाइट सांभाळणारा

पट्टी मोजली, ४७ च आहे. आर्किटेक्टला कळवलं. बोळ आत घेतोय. खजिनदारताई, फ्रीहोल्डरचा पत्ता लीजच्या पहिल्या पानावरचाच ना, की भाडं पाठवता तो?
– हॉल समिती