मारुती ८०० (१९९७) : आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, करंट जातोय कुठे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आबांची ९७ची ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, सांगलीत असते. रोज कोणी चालवत नाही, रविवारी तासगावला एक फेरी झाली तर झाली. दिवाळीनंतर नवी बॅटरी टाकली, ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे १ अँपिअर खेचला तर साधारण ३५ तास). लागोपाठ दोन दिवस काढली तर अर्ध्या सेल्फला सुरू होते, पण सहा-सात दिवस उभी राहिली की नुसतं टक टक टक. मग शेजारची पोरं बोलवा आणि धक्का मारा. पोरं पण आता मला लांबून बघून सटकतात.

बॅटरीवाला म्हणतो बॅटरी ओके, वायरमन म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) बदला. पण गाडी चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट येतंय म्हणजे चार्जिंग होतंय ना? म्हणून म्हटलं खर्चात पडण्याआधी स्वतःच बघू.

चावी काढून दहाच्या पान्याने मायनसचा क्लॅम्प सोडला, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात लावली, एक टोक क्लॅम्पला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. (पहिल्या वेळी भाच्याने उत्साहात चावी फिरवली आणि मीटरचा फ्यूज गेला, तो घालून परत सुरुवात.) रीडिंग आलं ०.५९ अँपिअर. मग स्टिअरिंगखाली वाकून एकेक फ्यूज काढत गेले, तर टपाच्या दिव्याचा फ्यूज काढल्यावर ०.१७ झालं. त्याच फ्यूजवर गाण्यांचा टेप होता पण तो गेल्या वर्षीच काढलाय, मागे वायरी लोंबतायत. बाकीचे सगळे फ्यूज काढले तरी ०.१७ काही हलेना. म्हणजे दोन ठिकाणी गळती आहे का? त्या लोंबत्या वायरींचा काही घोळ असेल का?

प्रतिसाद :
भाऊ, मीटर लावला तेव्हा दार उघडं होतं ना? फ्यूज काढायचे म्हणजे उघडंच असणार. टपावर ५ वॅटचा बल्ब असेल तर ५ भागिले १२ म्हणजे ०.४२, तुमच्या ०.५९ मधून तो वजा करा, बरोबर ०.१७ उरतात. आणि खरंच ०.५९ जात असते तर ३५ एएचची बॅटरी अडीच दिवसात पूर्ण झोपली असती, तुमची आठवडा काढतेय. ०.१७ ने पूर्ण रिकामी व्हायला साधारण २०५ तास म्हणजे साडेआठ दिवस लागतात, सेल्फ त्याच्या आधीच मान टाकतो. हिशोब जुळतोय, चोर हा ०.१७ वालाच. नव्या गाडीत ०.०५ पर्यंत चालतं, पण तुमच्या गाडीत कॉम्प्युटर नाही, टेपही नाही, जवळजवळ शून्यच यायला पाहिजे.

प्रतिसाद :
सगळे फ्यूज काढूनही राहतोय म्हणजे फ्यूज बॉक्सच्या आधीच कुठेतरी. अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक असेल तर चार्जिंग दाखवूनही रात्रभर करंट खाऊ शकतो, तेव्हा वायरमन अगदीच चुकीचं बोलला नसेल. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडून बघा, पण आधी बॅटरीचा मायनस पूर्ण सोडा, मीटरसकट. ती वायर थेट प्लसवरून येते, पाना बॉडीला टेकला तर ठिणगी बघायला मिळेल. सुटं टोक टेपने गुंडाळून मग मीटर परत जोडा.

धागाकर्ती :
भाऊ नाही, ताई :)
दार उघडंच होतं! बल्ब काढून बघितला, ५ वॅटच आहे. लाज वाटली पण बरंही वाटलं. दाराचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवून परत मोजलं तर सगळे फ्यूज जागेवर असताना ०.१७. अल्टरनेटरची वायर सोडली तरी तेवढेच. म्हणजे अल्टरनेटर निर्दोष सुटला, आता काय?

प्रतिसाद :
सॉरी ताई. बाहेरून काही बसवलंय का, फॉग लॅम्प, सेंट्रल लॉक, डबल हॉर्न? ०.१७ म्हणजे साधारण एका रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कॉइलची भूक. रात्रभर उभ्या गाडीचं बॉनेट उघडून सगळ्या रिलेंना हात लावा, जो कोमट लागेल तो पकडा.

धागाकर्ती :
सापडला!! आबांनी कधीतरी डबल हॉर्न बसवून घेतले होते, गल्लीत ओरडा झाला म्हणून दोन वर्षांपूर्वी काढून मूळचा हॉर्न परत लावला. पण काढणाऱ्याने फक्त हॉर्न काढले, रिले तसाच बॅटरीमागे, त्याची वायर थेट प्लसवरून. आणि त्याच रिलेची दुसरी वायर, जी पूर्वी हॉर्नच्या बटणाकडे जायची, ती पत्र्यावर घासून उघडी पडून त्यालाच टेकलीय, म्हणजे गाडीच्या मते कोणीतरी चोवीस तास हॉर्न दाबून बसलंय आणि वाजायला हॉर्नच नाही. रिले कोमट होताच. उपटला, मीटर ०.००.

आता उघड्या वायरीला टेप मारून सोडून दिलं तर चालेल का?

प्रतिसाद :
अजिबात नको, टेप उन्हाळ्यात सुटते. प्लसवरून निघालेली वायर टर्मिनलपासूनच काढा, मध्ये फ्यूज नसेल तर ती उद्या पत्र्याला टेकून जळेल.

धागाकर्ती :
मध्ये फ्यूज नव्हताच. दोन्ही वायरी मुळापासून काढल्या, अल्टरनेटरची वायर परत घट्ट बसवली, बॅटरी रात्रभर चार्जरवर. आता मुद्दाम आठ दिवस गाडीला हात लावणार नाही, पुढच्या रविवारी सेल्फ मारून इथेच सांगते. आबा विचारतायत ते हॉर्न कुठे ठेवलेत, परत लावता येतील का.