शाळेच्या दुधात फ्लोराइड: आपल्या इंदुरात चालेल का हो?

कृष्णपुरा_छत्री
माझी बहीण इंग्लंडात ब्लॅकपूलला असते. तिकडे प्राथमिक शाळेत सकाळी फुकट नाश्ता असतो आणि 2016 साली त्यातल्या दुधात, दात किडू नयेत म्हणून, फ्लोराइड घालायला सुरुवात केली, 189 मिलीच्या पाकिटात 0.8 मिलिग्रॅम. ज्यांना नको त्यांनी घरून कळवायचं, त्यांच्या पोरांना साधं दूध. हे ऐकलं त्याच आठवड्यात इथे आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांना डेंटिस्टने दुधाच्या दाढेचं रूट कॅनल सांगितलं, मी म्हटलं पडणाराच दात आहे ना, तर म्हणे पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत ताई तोवर काय रडवणार का त्याला. मग मला वाटतं आपल्याकडेही शाळेत दूध द्यावं आणि त्यात हे घालावं. एवढं काय अवघड आहे?

सराफा_रात्री_११
अवघड काय, घालतातच की! पाकिटावर निळ्या चौकोनात प्लस एफ लिहिलेलं असतं बघा. आम्हाला न विचारता फ्लोराइड पाजून राहिलेत आणि कोणाला पत्ता नाही.

दाढदुखी_डॉक्टरीण
काका, तो एफ फोर्टिफाइडचा. त्यात ए आणि डी व्हिटॅमिन असतं, फ्लोराइड नाही 😄
बाकी ताई, कल्पना जुनी आहे, 1950 च्या दशकात एका स्विस बालरोगतज्ज्ञाने मांडली. नंतर बल्गेरिया, चिली, थायलंडमध्येही झालं. पण पुरावा म्हणाल तर 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) निकषात बसणारा फक्त एक अभ्यास सापडला, त्यात 180 मुलं. फायदा दिसला, पण तेवढ्यावर अख्ख्या राज्याचं दूध बदलायचं? फ्लोराइड मुख्यतः दाताच्या वरून काम करतं, पोटात जाऊन नाही. आपण खाल्लं की तोंडात आम्ल होतं, इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातलं, खनिज सुटतं, लाळेत थोडं फ्लोराइड असलं की ते परत बसायला मदत होते. हे काम पेस्ट करते. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी, आणि थुंकल्यावर खळखळून चूळ भरायची नाही. हे शेवटचं आपल्याकडे कोणी ऐकत नाही.

छावणी_वाली_मावशी
डॉक्टरीणबाई, तुमचं बरोबर पण पेस्ट घरात असली तर ना. माझ्याकडे कामाला येते तिची तीन मुलं, एक ब्रश, तोही मोठ्याचा. धाकटी बोटाने राखुंडी लावते. त्या पोरीपर्यंत काय पोचेल? शाळेतला पेला पोचेल. ज्यांच्या घरी सगळं आहे त्यांनीच नाही म्हणायचं हे मला पटत नाही.

माजी_मास्तर_धार
मावशी, मनाला लागलं तुमचं. पण माझं ऐका. मी धार जिल्ह्यात नोकरी केली, शाळेसमोर हँडपंप होता, त्यावर लाल रंग मारलेला, म्हणजे फ्लोराइड जास्त, पिऊ नका. दुसरा पंप पाऊण किलोमीटरवर. पोरं कुठलं पाणी पीत असतील सांगा. माझ्या वर्गात दातांवर खडूसारखे पांढरे डाग, मोठ्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे. एक मुलगी तोंडावर हात ठेवूनच हसायची, मला आधी वाटायचं लाजते. झाबुआकडेही हेच. लिटरभर पाण्यात 1.5 मिलिग्रॅमच्या वर नको असा नियम, समजा पंपाचं पाणी 2 चं आहे, लेकराने लिटरभर प्यायलं की 2 मिलिग्रॅम तिथेच झाले, वर तुम्ही दुधातून 0.8 देणार. आम्ही तिकडे फ्लोराइड काढायला नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेची नळगोंडा पद्धत वापरा, तुरटी-चुना ढवळा असं सांगत फिरायचो आणि तुम्ही इकडे घालायचं म्हणताय!

कृष्णपुरा_छत्री
मास्तर, धारला देऊ नका ना मग. इंदुरात नर्मदेचं पाणी येतं, नदीच्या पाण्यात हे कमीच असतं. आयोडीनच्या मिठालाही लोक असंच ओरडले होते.

माजी_मास्तर_धार
मिठाशी तुलना नको. आयोडीन थोडं जास्त गेलं तर बहुतेकांना काही होत नाही, इथे उपयोग आणि अपाय यात अंतरच फार थोडं. आणि दुधाची गाडी काय पाणी तपासून गावात शिरणार आहे का? ऑर्डर भोपाळहून निघते तेव्हा सगळ्या जिल्ह्यांना एकच निघते, तीस वर्षं बघितलंय भिया.

छावणी_वाली_मावशी
म्हणजे धारच्या पोरांचे दात डागाळले म्हणून इंदूरच्या पोरांचे किडू द्यायचे. वा.

सराफा_रात्री_११
खरं कारण कोणी बोलत नाहीये. सकाळी पोहे-जलेबी, संध्याकाळी टॉफी, रात्री पोराला खांद्यावर घेऊन सराफ्याच्या खाऊगल्लीत रबडी, आणि तसंच झोपवायचं. मीही केलंय हे, नातवासोबत.

दाढदुखी_डॉक्टरीण
काका, हे मात्र शंभर टक्के. मावशी, मी शाळेत दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांनी पेस्टने ब्रश करायचं म्हणेन. पोचेल तिलाही, आणि पोटात फारसं जाणार नाही.

छावणी_वाली_मावशी
तिच्या शाळेत नळ आहे, पाणी नाही. तरी दुधापेक्षा हे बरं वाटतंय, एवढं कबूल.

कृष्णपुरा_छत्री
एक विचारू? आमच्या सोसायटीत नर्मदा दिवसाआड, बाकी बोअर. पिण्याला आरओ आहे, स्वयंपाक बोअरच्याच पाण्यावर. मी नर्मदा नर्मदा करत बसले आणि बोअरमध्ये किती फ्लोराइड आहे मला माहीतच नाही.

माजी_मास्तर_धार
आरओमध्ये फ्लोराइड बरंचसं निघून जातं, पण डाळ-भात बोअरच्या पाण्यात शिजतोय ना. पीएचईच्या, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या, लॅबमध्ये तपासून मिळतं. बाटली प्लास्टिकची न्या, काचेची नको, काचेशी फ्लोराइडची खटपट होते आणि आकडा चुकतो. आधी पाच मिनिटं मोटर चालू द्या, मग भरा.