अपघातात चेपलेली बाइक कमी खर्चात उभी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

नवा_पिस्टन:
नमस्कार मंडळी. एक अपघातग्रस्त बाइक स्वस्तात हाती आली आहे. १५० सीसी, एक सिलिंडर, स्टीलची फ्रेम, पुढे डिस्क, मागे ड्रम. समोरून धडकून डाव्या अंगावर पडलेली. शॉकअप मागे वाकलेत, पुढची रिंग चेपली आहे, हँडल आदळून टाकीला खोच पडली आहे आणि मॅग्नेट कव्हर फुटलंय. बरेच दिवस उभीच होती. इंजिन हाताने फिरतं, पण चालू करून पाहिलेलं नाही.
घरी जागा आहे, पाने आहेत, वेळही आहे. पैसे मात्र मोजकेच. टाकी आणि रंग आधी करून घ्यावा, म्हणजे कामाला हुरूप येईल, असं वाटतंय. जुने पार्ट कोणते चालतील, नवेच कोणते घ्यावेत? आणि मुळात ही गाडी उभी करण्याजोगी आहे का, हे कसं ओळखायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

गॅरेजकट्टा:
रंग सगळ्यात शेवटी. तुमचा शेवटचा प्रश्न खरा पहिला आहे आणि त्याचं उत्तर फ्रेम देईल. ते मिळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.
आधी इंजिन आणि चॅसी नंबर स्पष्ट वाचता येतात का आणि कागदांशी जुळतात का, ते बघा. जुळत नसतील तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.
मग पुढचा भाग पूर्ण उतरवा आणि फ्रेमची मान, म्हणजे स्टेअरिंगची नळी जिथे जोडलेली असते ती जागा, रॉकेलने स्वच्छ धुऊन उजेडात बघा. समोरून मार बसला की जोर तिथेच येतो. मानेच्या खालच्या बाजूला नळी फुगलीय का, रंगाला सुरकुत्या किंवा केसासारख्या चिरा आहेत का, हँडलचा स्टॉपर तुटलाय का? इंजिनचे माउंटिंग बोल्टही काढून बघा. नट सोडल्यावर बोल्ट हाताने सरकला तर चांगली खूण. अडकून बसला, ठोकूनच निघाला आणि गंजही नाही, तर फ्रेम पिळल्याची शंका घ्या.
पीळ बघायला महागडं काही लागत नाही. मानेच्या नळीतून एक सरळ सळई घट्ट बसवा, दुसरी मागच्या चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, बोल्टाच्या भोकातून. गाडीच्या समोर लांब उभं राहून एक डोळा मिटून बघा. दोन्ही सळया काटकोनात दिसल्या पाहिजेत. मान डावी-उजवीकडे कलली असेल तर लगेच कळतं. मागे ढकलली गेली असेल तर तसं कळणार नाही, त्यासाठी त्याच मॉडेलच्या अपघात न झालेल्या गाडीवर मानेपासून चिमट्याच्या बोल्टापर्यंतचं अंतर मोजून आणा.
स्टीलची फ्रेम थोडी वाकली असेल तर जिगवर, म्हणजे फ्रेम आवळून धरणाऱ्या साच्यावर, सरळ करणारे कारागीर असतात. ॲल्युमिनियमची असती तर मी सरळ नको म्हटलं असतं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तो धातू जोडाच्या आजूबाजूला कमजोर होतो.

स्पोकवाला:
गॅरेजकट्टा यांना +१. पुढच्या भागाबद्दल सांगतो.
शॉकअपचे रॉड काढून जाड काचेवर लोळवा. वाकलेला रॉड काचेला सलग टेकत नाही, लोळताना खालची फट कमी-जास्त होते. किंचित बाक लेथवाला प्रेसवर काढून देतो, पण घडी पडली असेल किंवा क्रोम तडकलं असेल तर तो रॉड भंगारात. तुमचे 'मागे वाकलेत' म्हणजे नजरेला दिसण्याइतके. ते सरळ करण्याच्या फंदात पडू नका.
सुटं सुटं घेण्यापेक्षा त्याच मॉडेलचा पुढचा अख्खा सेट जुन्या बाजारातून घ्या: शॉकअप, वरची-खालची टी (शॉकअप धरणारे ब्रॅकेट), एक्सल, चाक, डिस्क, कॅलिपर. मागून ठोकर बसलेली गाडी शोधा, तिचा पुढचा भाग बहुधा धड असतो. तरी रॉड काचेवर लोळवूनच घ्या. चाक आउट मारतंय का, म्हणजे फिरताना डुलतंय का, ते बघायला शॉकअपला तार बांधा, टोक रिंगजवळ आणा आणि चाक फिरवा. बहुतेक मॅन्युअलमध्ये मर्यादा २ मिमीच्या आसपास असते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तीही मोजा.
जुनं चालेल: टाकी, सीट, हेडलाइट, मडगार्ड, फूटरेस्ट. नवंच हवं: ब्रेक पॅड, ब्रेक शू, ब्रेक ऑइल, शॉकअपचे सील, चाकाचे बेअरिंग, हँडल, टायर. टायर दिसायला कोरा असला तरी तारीख वाचा. चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.
कोनसेटही, म्हणजे स्टेअरिंगचे बेअरिंग, नवाच. धडकेत छर्रे कपात रुततात आणि खड्डे पडतात. मग हँडल बरोबर मधोमध अडतं आणि गाडी सरळ रस्त्यावरही डुलत राहते.

तेलकट_हात:
इंजिनाची घाई नको. ऑइल काढून गाळा आणि त्यात चुंबक फिरवा. बारीक काळी लुकण चालते, चकचकीत कण आले तर उघडावंच लागेल. मॅग्नेट कव्हर फुटलंय म्हणजे आत तुकडे असणार, ते वेचा, कॉइल घासली आहे का बघा.
नंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा. सुरळीत फिरलं की कॉम्प्रेशन गेज लावा. आकडा कमी आला तर पुन्हा थोडं ऑइल सोडून मोजा. वाढला तर पिस्टनच्या रिंग गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्हवर संशय. याच एका चाचणीने हेड उघडायचं की बोअर-पिस्टन, ते ठरतं आणि नको तो खर्च वाचतो.
कव्हर उघडताना पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की केसिंग फुटतं.
वायरिंग मानेपाशी दबलेलं असणार. टेप सोडून एकेक वायर बघा, मगच बॅटरी जोडा.

नवा_पिस्टन:
सगळ्यांचे आभार. सळयांची चाचणी केली. काटकोन बरोबर दिसतोय, माउंटिंग बोल्टही हाताने निघाले. पण मानेखालच्या पत्र्याच्या जोडावर, वेल्डिंगच्या कडेला, रंगाला एक चीर आहे. नख लावलं तर किंचित अडतं. नुसता रंगच फुटला असेल का?

गॅरेजकट्टा:
डोळ्यांनी ठरवू नका. तेवढ्या जागेचा रंग केमिकल रिमूव्हरने काढा, घासू नका, घासल्याने बारीक चिरेचं तोंड बुजतं. मग वेल्डिंगवाल्यांकडे मिळतं ते डाय पेनिट्रंट वापरा: लाल द्रव लावायचा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. धातूत चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. रेघ नाही आली तर नुसता रंग फुटलाय, खुशाल पुढचा सेट शोधायला लागा. रेघ आली तर फोटो टाका. किती लांब आहे आणि वेल्डवर आहे की नळीत शिरली आहे, त्यावर पुढचं सांगता येईल. नळीत शिरली असेल तर या फ्रेमवर खर्च करू नका, माझं स्पष्ट मत.

नवा_पिस्टन:
समजलं. किट मागवतो, फोटो इथेच टाकेन. तोवर खरेदी बंद.