बंपरला किती एमएम प्लेट घेऊ? उद्या सकाळपर्यंत सांगा

चिखल्या
घरीच पुढचा बंपर बनवतोय. डिझाइन तयार आहे, पुठ्ठ्याचं टेम्प्लेट गाडीला लावूनही पाहिलं. अडलंय ते फक्त जाडीवर. भंगारवाल्याकडे ६ एमएम स्वस्तात पडलीय, दुकानदार म्हणतो ३ पुरे, ओळखीचा वेल्डर ५ म्हणतो. उद्या सकाळी माल उचलायचाय. फक्त आकडा सांगा, भाषण नको.

दहागेज
गाडी कोणती?

खडकवाला
६ घ्या, डोळे झाकून. भंगारात मिळतेय तर विचार कसला करताय!

दहागेज
अहो, आधी गाडी तर कळू द्या. एक एमएम जाडीची एक चौरस मीटर प्लेट ७.८५ किलो भरते. बंपर दीड मीटर लांब आणि घड्या उलगडून एक हात, म्हणजे ४५ सेंटिमीटर रुंद धरला तर ३ एमएमचे १६ किलो, ४ चे २१, ६ चे ३२. हे नुसत्या पत्र्याचं. ब्रॅकेट, हुक, पाइप वेगळे.

चिखल्या
गाडी जिप्सी. अजून कोणती असणार?

दहागेज
आम्हाला काय स्वप्न पडतं? मूळची गाडी जेमतेम हजार किलोची, पुढे कमानीचे पाटे. तिच्या नाकावर ६ एमएम लावून काय साधणार?

खडकवाला
वजनाला काय घाबरायचं, एक पाटा वाढवायचा. माझ्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपला १० एमएमचा लोखंडी चॅनल ठोकलाय. एकदा ओढ्यात धोंड्यावर आपटली, बंपरला ओरखडा नाही.

पाटेकमानी
आणि चासीला?

खडकवाला
डाव्या बाजूचं टोक थोडं वाकलं होतं. ते सरळ करून घेतलं.

पाटेकमानी
झालं तर मग! पाचशे-हजाराचा बंपर वाचवायला चासी वाकवून घेतली. बंपर चासीपेक्षा ताठ केला की मार मागे जातो. आधी बंपर चेपला पाहिजे.

नियमावर_बोट
केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार, म्हणजे गाडीपुढे लावायच्या लोखंडी संरक्षक दांड्यांवर कारवाई करायला सांगितलंय. मोटार वाहन कायदा, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पायी चालणाऱ्याचं काय होतं याचाही विचार करा.

चिखल्या
साहेब, मी जाडी विचारली होती.

टायरशास्त्री
बंपरचे पैसे वाचवा आणि आधी मड टायर घ्या. पावसाळ्यात लाल मातीत बंपर गाडी बाहेर काढत नाही.

नियमावर_बोट
जाडी शून्य ठेवा. मूळचा बंपर कायदेशीर आहे.

दहागेज
चिखल्या, रागावू नका, पण हुक लावणार आहात का? गाडी ओढायला वापरणार का?

चिखल्या
हो, दोन डी-शॅकल (ओढायच्या कड्या). आणि विंच, रुतलेली गाडी दोरखंडाने ओढणारं यंत्र. ९,५०० पाउंडचा आणून ठेवलाय.

दहागेज
हे आता सांगताय! सगळं गणितच बदललं. विंच दोरखंडासकट पस्तीस-चाळीस किलोंचा. आणि ९,५०० पाउंड म्हणजे ४,३०० किलोंची ओढ, तुमच्या गाडीच्या चौपट. हा ताण दर्शनी पत्र्यावर येता कामा नये, तो थेट चासीत गेला पाहिजे. म्हणून बंपरची जाडी एक नाहीच:
दर्शनी पत्रा ३ किंवा ४.
विंचची बैठक ६. बहुतेक विंचना २५४ बाय ११४.३ एमएमवर चार भोकं असतात, तरी तुमचा विंच ठेवून मारा.
चासीला धरणारी ब्रॅकेट ८, बोल्ट १२ एमएमचे, डोक्यावर ८.८ लिहिलेले.
शॅकलचे कान २० एमएम, पत्र्यातून आरपार मागच्या ब्रॅकेटला वेल्ड केलेले. नुसते पुढून चिकटवलेत तर एक दिवस कान उडून समोरच्या गाडीच्या काचेत जाईल.

खडकवाला
म्हणजे ६ आलेच ना! मी काय म्हणत होतो?

पाटेकमानी
तुम्ही सगळा बंपर ६चा म्हणत होतात. सपाट प्लेट दुप्पट जाड केली की ताठपणा आठपट होतो, खरं आहे. पण त्याच ३च्या पत्र्याला दोन घड्या मारल्या तर त्याहून जास्त मिळतो आणि वजन तेवढंच राहतं. ओला पापड आणि करंजी, फरक कळला का?

दर्यावर्दी
जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पाइपचा करा, लवकर गंजत नाही. आमच्या मालवणात साध्या लोखंडाची दोन पावसाळ्यांत चाळण होते.

दहागेज
जीआयला वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. जोडाजवळचं जस्त घासून, वारा पाठीमागून घेऊनच करावं. त्यापेक्षा काळा पाइप घेऊन रेड ऑक्साइड मारा. आणि बंद पेटी केलीत तर खाली पाणी जायला भोकं ठेवा, नाहीतर आतून सडेल.

पाटेकमानी
मशीन कोणतं आहे? घरी म्हणालात म्हणून विचारतो.

चिखल्या
सिंगल फेज इन्व्हर्टर, २०० अँपिअर. अडीच एमएमचे रॉड आहेत.

पाटेकमानी
मग ६ आणि ८ला कडा तिरप्या घासून व्ही करून, दहा नंबरचा, म्हणजे तुमच्यापेक्षा जाड रॉड घेऊन दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतील. वरून भरलेलं दिसतं, आत फट असते. ब्रॅकेट आणि कान तरी वेल्डरकडून करून घ्या. सुशोभनाचं काम तुम्ही करा.

टायरशास्त्री
जिप्सी विकायची आहे का?

चिखल्या
नाही!! सकाळ झाली, दुकानातून ४ आणली, भंगारातून ६चा एक तुकडा. ग्राइंडरने तुकडे कापूनही झाले. आता घडी घालायला कुठे जाऊ? प्रेस ब्रेकवाला, म्हणजे यंत्रावर पत्रा वाकवून देणारा, दुपारी तीननंतर घेईन म्हणतो.

दहागेज
पुठ्ठा दोन एमएमचा असेल, पत्रा ४चा आहे. कापताना घडीचा हिशेब धरलात ना?

चिखल्या
कसला हिशेब?