चाचणीतले शून्य आणि फाउंड्रीतला अंगठा

अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखणाऱ्या यंत्रावर तीनशे जणांचे अंगठे तपासले, एकही चूक झाली नाही, म्हणून पुढेही होणार नाही, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. तीनशे स्वतंत्र चाचण्यांत शून्य चुका आढळल्या, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की, चुकीचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक नसावे.

शिवाय ‘मी अमुक’ असा दावा करणाऱ्याचा अंगठा त्याच्याच नोंदीशी ताडणे वेगळे आणि ठशांच्या अख्ख्या साठ्यातून माणूस शोधणे वेगळे. एका तुलनेत चुकीची जुळणी होण्याची शक्यता लाखात एक धरली आणि साठा एक लाखाचा असला, तर निदान एक खोटी जुळणी होण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के निघते. अर्थात तुलना परस्परांपासून स्वतंत्र मानल्या तर, आणि व्यवहारात त्या तशा क्वचितच असतात.

चाचणी कोणावर घेतली, हा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यांत धातू ओतणाऱ्या कारखान्यात, वाळूने रेषा झिजलेला कामगार अंगठा पँटला पुसतो, त्यावर फुंकर मारतो आणि तिसऱ्यांदा यंत्रावर टेकवतो, हे मी पाहिले आहे. कार्यालयातल्या मऊ बोटांवरून त्याच्या नाकारले जाण्याचे भाकीत कसे करणार? हुपरीच्या चांदी कारागिरांबाबतही हीच शंका येते.