ग्रंथालयाला तुम्ही कोणती सूचना केली होती आणि तिचे पुढे काय झाले?

मुखपृष्ठ
भाचीच्या विद्यापीठाने ग्रंथालयाच्या सेवेबद्दल विद्यार्थ्यांकडून सूचना मागवल्या आहेत. "मावशी, काय लिहू?" असे तिने विचारले आणि मला आमच्या वेळची सूचनावही आठवली. "पुस्तके वाढवा", "वेळ वाढवा" अशा ओळींनी तिची पाने भरलेली असत आणि शेजारचा उत्तराचा रकाना कोरा असे. आमच्या गटाने मात्र एकदा नेमकी मागणी केली होती. परीक्षेच्या तोंडावर क्रमिक पुस्तकांच्या सगळ्या प्रती पंधरा-पंधरा दिवसांसाठी घरी जात, म्हणून प्रत्येक पुस्तकाची निदान एक प्रत देवघेवीतून बाजूला काढावी आणि ती केवळ वाचनकक्षात, दोन-दोन तासांसाठी द्यावी, असे आम्ही लिहिले होते. पुढच्या सत्रात तसे वेगळे कपाट झाले. त्यासाठी दमडीही खर्च होणार नव्हती, हेही कारण असावे. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

तिसरी फळी
आमच्या सूचनावहीला दोरीने बांधलेल्या पेनात शाई नसे, त्यामुळे पहिली सूचना त्या पेनाबद्दलच करावी लागली, आणि तीही स्वतःच्या पेनाने.

दाखल क्रमांक
मी देवघेव विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो. "नवीन पुस्तके आणा" या सूचनेचे आम्ही काहीही करू शकत नाही. लेखक, शीर्षक, आवृत्ती आणि शक्य असल्यास आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला तेरा अंकी ओळख क्रमांक, लिहिला, तर तीच सूचना थेट खरेदीच्या यादीत जाते.

दुसरी नेहमीची तक्रार अशी, की संगणकावर पुस्तक "उपलब्ध" दिसते आणि जागेवर सापडत नाही. पुष्कळदा ते चोरीला गेलेले नसते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत 519.5 म्हणजे सांख्यिकी आणि 591.5 म्हणजे प्राण्यांचे वर्तन. घाईत दोन अंकांची अदलाबदल झाली, की सांख्यिकीचे पुस्तक प्राण्यांच्या शेजारी जाऊन बसते आणि पुढच्या कपाट तपासणीपर्यंत कोणालाही दिसत नाही. एका विद्यार्थिनीने सुचवल्यावरून आम्ही "सापडले नाही" अशी चिठ्ठी सुरू केली. तिच्यावर पुस्तकाचा वर्गांक, म्हणजे हा विषयवार क्रमांक, लिहिलेला असे आणि मदतनीस संध्याकाळी आजूबाजूच्या फळ्या धुंडाळत असे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. या चिठ्ठीने तो खरोखर वाचला.

रात्रपाळी
माझी सूचना घरून वाचता येण्याबद्दल होती. विद्यापीठ नियतकालिकांची वर्गणी भरते, पण प्रकाशकाची यंत्रणा विद्यापीठाच्या जाळ्याचा आयपी पत्ता ओळखून दार उघडते, त्यामुळे दिवसा नोकरी करून रात्री प्रबंध लिहिणाऱ्याला घरी फक्त गोषवारा दिसतो. विद्यापीठाच्या सर्व्हरमार्फत घरून प्रवेश देता येतो, असे मी लिहिल्यावर उत्तर आले, की ही सोय आधीपासूनच आहे! ती कोणाला माहीत नव्हती, एवढेच. मग मी दुसरी सूचना केली, की प्रवेशाच्या वेळीच याची माहिती द्यावी. ती अजून विचाराधीन आहे.

शिरोरेखा
ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे संगणकावरील पुस्तकांच्या यादीत, मराठी पुस्तकांची नोंद केवळ रोमन लिपीत असेल, तर शोध घेणे दैवावर सोडावे लागते, कारण ज्ञानेश्वर हे एकच नाव रोमन लिपीत अनेक तऱ्हांनी लिहिले जाते आणि संगणकाला त्यांपैकी एकच तऱ्हा ठाऊक असते. आमच्या वर्गाने देवनागरी नोंदींची मागणी केली होती. नव्या खरेदीपुरती ती मान्य झाली, पण जुनी पुस्तके अजून रोमनमध्येच आहेत.

श्रवणवाचक
मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेवर, वाचते. ग्रंथालयाने जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर ठेवल्या तेव्हा सगळ्यांनी कौतुक केले, पण त्या नुसत्या छायाचित्रांच्या स्वरूपात होत्या आणि माझ्या यंत्राला त्यांत एक अक्षरही सापडेना. अक्षर-ओळख करून मजकुराची फाइल ठेवावी, असे मी लिहून दिले. पुस्तकांच्या बाबतीत स्वामित्वहक्काची अडचण पुढे केली जाते. अशा वेळी दृष्टिहीनांना वाचता येतील अशा प्रती करू देणारा 2013 चा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार आणि आपल्या देशाच्या कायद्यातील सवलत यांचा उल्लेख अर्जात जरूर करावा. माझ्या अर्जाची फाइल त्यानंतरच हलली.

तिसरी फळी
श्रवणवाचक, हे मला ठाऊकच नव्हते. आमच्या विभागाच्या अर्जात हा मुद्दा घालतो.

दाखल क्रमांक, एक शंका आहे. चुकीच्या फळीवर पुस्तक दिसले, तर आम्हीच ते जागेवर ठेवावे का?

दाखल क्रमांक
ठेवू नये. ते मेजावर ठेवावे किंवा कर्मचाऱ्याकडे द्यावे. वाचून झालेल्या पुस्तकांचेही तसेच करावे, कारण मेजावरची पुस्तके उचलताना अनेक ठिकाणी त्यांच्या वापराची नोंद होते आणि कोणत्या पुस्तकाच्या जादा प्रती घ्यायच्या हे ठरवताना ती नोंद पाहिली जाते.

मुखपृष्ठ
हे सगळे भाचीला पाठवले आहे. "सापडले नाही" ही चिठ्ठी तिला फार आवडली. तिचा एकच प्रश्न आहे, की ती चिठ्ठी मागायची कोणत्या खिडकीवर?