मुलांचा इसब आणि घरातली हवा: नेमके काय बदलावे?

प्रश्न – इंदिरानगर, नाशिक
माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत इसब आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून मलम आणि मॉइश्चरायझर दिले असून ते नियमित सुरू आहे. दिवाळीच्या आधी आम्ही नव्या सदनिकेत राहायला आलो. येथे प्लायवूडच्या कपाटांचा वास अजून गेलेला नाही आणि थंडी पडल्यापासून मुलीची खाज इतकी वाढली आहे की सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. घरात संध्याकाळी देवापुढे धूप असतो आणि रात्री डासांसाठी कॉइल लावली जाते. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्या, असे नातेवाईक आग्रहाने सांगत आहेत. त्याचा इसबावर खरोखर उपयोग होतो का?

उत्तर – निवृत्त परिचारिका, नाशिक रोड
ताई, यंत्राचा विचार सध्या बाजूला ठेवा. इसबाचे मूळ बहुतेक वेळा त्वचेच्या संरक्षक थरातच असते. त्वचेचा हा थर बांधणाऱ्या फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा संबंध 2006 मध्ये स्पष्ट झाला. थर कच्चा असला की आतले पाणी उडून जाते आणि धूर, धूळ, साबण यांसारख्या गोष्टी आत शिरून दाह वाढवतात. म्हणजे हवा इसब चिघळवू शकते, पण नुसती हवा स्वच्छ करून तो बरा होत नाही. यंत्रामुळे इसब आटोक्यात येतो, असा भक्कम पुरावाही अद्याप नाही.

कॉइल मात्र आजच बंद करा. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या कणांइतके भरले होते, आणि आपण ती बंद खोलीत, झोपलेल्या मुलाजवळ रात्रभर जाळतो. खिडक्यांना बारीक जाळी आणि पलंगावर मच्छरदाणी एवढे केले तरी डासांचा प्रश्न बराचसा सुटतो.

आपल्याकडच्या कोरड्या थंडीत त्वचा आणखी सुकते. त्यामुळे अंघोळीचे पाणी कोमटच असू द्या, उटणे किंवा डाळीचे पीठ अंगाला घासू नका, आणि अंग टिपून झाल्याबरोबर, ते जरासे ओलसर असतानाच, मॉइश्चरायझर भरपूर लावा.

उत्तर – दोन मुलांचा बाबा, सातपूर
आमच्या थोरल्याचा इसब पावसाळ्यात वाढत असे, म्हणून मी या विषयावर बरेच वाचले. तुमच्याकडे कपाटांचा वास येतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या) यांच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड हळूहळू, कित्येक महिने बाहेर पडत राहते आणि उष्णता व दमटपणा वाढला की त्याचे प्रमाणही वाढते. इसब असलेल्यांच्या त्वचेतून या वायूच्या संपर्काने पाणी अधिक वेगाने उडून जाते, असे प्रयोगांत दिसले आहे. कपाटांची दारे उघडी टाकून खोलीत आरपार वारा खेळू देणे आणि वास जाईपर्यंत मुलीला दुसऱ्या खोलीत झोपवणे, हे दोन्ही बिनखर्चाचे उपाय आहेत.

खिडक्या उघडण्याची वेळ मात्र पाहून ठरवा. हवा प्रदूषित असलेल्या शहरांसाठीच्या 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांपैकी नाशिक एक आहे आणि हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही आणि धूर खालीच कोंडून राहतो. त्यामुळे खिडक्या ऊन चढल्यावर, दुपारी उघडलेल्या बऱ्या. पीएम 2.5 या हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची 24 तासांची भारतीय मर्यादा दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची 15. आपल्या मर्यादेत असलेली हवा लहान मुलांसाठी चांगलीच आहे, असे मी तरी मानत नाही.

गोधड्यांकडेही लक्ष द्या. जुन्या सुती गोधड्यांच्या थरांत डस्ट माइट, म्हणजे इसब चिघळवू शकणारे धुळीतले सूक्ष्म किडे, घर करतात आणि ओल वाढली की त्यांची संख्या वाढते. मुलीच्या अंथरुणावरची चादर आणि अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा. गोधडीला धुता येईल अशी खोळ घाला.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. कॉइल बंद करणे सोपे आहे. धुपाचे मात्र सासूबाईंना कसे सांगावे, हा माझ्यापुढे खरा पेच आहे. त्यांची ती रोजची श्रद्धा आहे आणि त्यांना दुखवावे असे मला वाटत नाही.

उत्तर – निवृत्त परिचारिका, नाशिक रोड
सासूबाईंना बंदी न घालता त्यांच्या नातीची त्वचा जवळून दाखवा. खाजवून सोललेली घडी पाहिली की कोणतीही आजी आपणहून मार्ग काढते. देवापुढे निरांजन आणि फुले पुरेशी होतात. धूप लावायचाच असेल तर तो गॅलरीत लावावा आणि आतले दार लावून घ्यावे. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू ठेवा आणि मुलीला बाहेर खेळू द्या.

आणखी एक सांगते, कारण यात उशीर झालेली मुले मी पाहिली आहेत. चट्ट्यांवर पिवळसर खपली धरली, पू आला, सारख्या आकाराचे दुखरे फोड उठले किंवा ताप भरला, तर घरातले बदल करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. स्टिरॉइडच्या भीतीने मलम मध्येच थांबवू नका. किती, कुठे आणि किती दिवस लावायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद औषधांजवळच ठेवा, म्हणजे तुम्ही घरी नसतानाही सासूबाईंना ते नीट लावता येईल.